वेबफॉर्म हळू का चालतो? आधी मोजा, मग दुरुस्त करा



हजेरी, गुणनोंद, पालकांची माहिती, सहलीची संमती अशा कामांसाठी आता आपल्यापैकी बरेच जण स्वतःच ऑनलाइन फॉर्म बनवतात. थोडं एचटीएमएल आणि थोडी जावास्क्रिप्ट आली की फॉर्म तयार होतो. पण फॉर्म तयार होणं वेगळं आणि तो भरणाऱ्याला न अडवता चालणं वेगळं. फॉर्म हळू चालत असेल तर दोष कसा शोधायचा आणि कसा काढायचा, हे आजच्या लेखात आपण पाहणार आहोत. उदाहरण माझ्याच फॉर्मचं घेतो, कारण चूक माझीच होती.

१) काय घडलं?

सत्राच्या शेवटी गुण भरण्यासाठी मी एक फॉर्म बनवला होता. वर्गात ६० विद्यार्थी, ९ विषय. म्हणजे गुणांच्या ५४० चौकटी. शिवाय प्रत्येक विद्यार्थ्यासमोर वर्णनात्मक नोंदीसाठी एक मोठी चौकट, अशा ६०. एकूण चौकटी ६००. गुण टाकले की बेरीज, टक्केवारी आणि श्रेणी आपोआप दिसायची. एंटर दाबलं की कर्सर खालच्या विद्यार्थ्याकडे जायचा. नोंद लांबली की तिची चौकटही आपोआप उंच व्हायची. माझ्या लॅपटॉपवर सगळं छान चाललं होतं. मी खूश!

शाळेतल्या जुन्या कॉम्प्युटरवर मात्र वेगळंच चित्र. आमच्या एक ज्येष्ठ बाई गणिताचे गुण भरायला बसल्या. थोड्या वेळाने हाक आली, "सर, तुमचा फॉर्म झोपलाय बघा. मी टाइप करतेय आणि तो नंतर उठून लिहितोय."

मी म्हटलं, "बाई, नेट स्लो असेल."

बाईंनी तसंच रेटलं. पण शेवटच्या विद्यार्थ्याच्या चौकटीत गुण भरून झाले आणि कागदावर एक आकडा उरला! मागे जाऊन पाहिलं तर २३ क्रमांकाची चौकट रिकामी. तिथे एंटर दाबलं तेव्हा काहीच हललं नाही, म्हणून बाईंनी पुन्हा दाबलं. फॉर्मने दोन्ही एंटर मोजले आणि कर्सर एक विद्यार्थी ओलांडून गेला. तिथून पुढे प्रत्येकाचे गुण खालच्याच्या नावावर चढले होते.

बाईंनी कागदाशी ताळा केला म्हणून हे सापडलं. नाहीतर एकाचे गुण दुसऱ्याच्या प्रगतिपुस्तकात गेले असते. त्या दिवशी मला कळलं की हळू फॉर्ममुळे नुसता वेळ जात नाही, त्यातून चुकीची माहितीही भरली जाते.

२) किती उशीर चालतो?

वापरण्यास सोप्या सॉफ्टवेअरचे अभ्यासक जेकब निल्सन यांनी १९९३ च्या आपल्या पुस्तकात तीन मर्यादा सांगितल्या आहेत. त्या आजही उपयोगी पडतात.

• ०.१ सेकंदापर्यंत : काम लगेच झालं असं वाटतं.
• १ सेकंदापर्यंत : उशीर जाणवतो, पण विचारांची साखळी तुटत नाही.
• १० सेकंदांपर्यंत : माणूस कसाबसा थांबतो. त्यापुढे लक्ष दुसरीकडे जातं.

गूगलनेही मार्च २०२४ पासून वेबपानांच्या मोजणीत असंच एक माप घेतलं आहे. बटण दाबल्यापासून पडद्यावर बदल दिसेपर्यंतचा वेळ २०० मिलिसेकंदांच्या आत असेल तर चांगला, ५०० च्या वर गेला तर वाईट. (१ सेकंद म्हणजे १००० मिलिसेकंद.)

३) पहिला प्रश्न : हळू "कधी" होतं?

फॉर्म स्लो आहे, एवढं म्हणून भागत नाही. डॉक्टर जसं "कुठे दुखतं? कधी दुखतं?" असं विचारतात, तसं आपणही विचारायचं.

(अ) फॉर्म उघडताना वेळ लागतो का? मग बहुतेक करून फाईलचा आकार किंवा इंटरनेट.
(ब) फॉर्म भरताना अडखळतो का? मग बहुतेक करून ब्राउझरमध्ये चालणारा आपला कोड.
(क) सबमिट केल्यावर थांबतो का? मग बहुतेक करून सर्व्हर, किंवा माहिती साठवणारी शीट.

एक सोपा प्रयोग सांगतो. फॉर्म पूर्ण उघडला की इंटरनेट बंद करा आणि टाइप करून पाहा. तरीही अक्षरं उशिरा उमटत असतील तर नेटचा काही दोष नाही. मी हा प्रयोग चार दिवस आधी केला असता तर बरं झालं असतं!

कारण बाईंच्या प्रसंगानंतर मी काय केलं? शाळेचं बोधचिन्ह लहान केलं. फॉन्ट बदलला. मग श्रेणी काढणारा कोड पुन्हा लिहिला. "५४० चौकटी वाचायच्या, ६० बेरजा करायच्या, हेच जड जात असणार" असा माझा पक्का समज होता. शनिवार-रविवार त्यात गेले. सोमवारी फॉर्म होता तसाच.

४) अंदाज नको, मोजमाप हवं

संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड नथ यांनी फोरट्रान भाषेतल्या प्रत्यक्ष वापरातल्या प्रोग्रॅमचा अभ्यास १९७१ साली प्रसिद्ध केला. त्यात त्यांना आढळलं की प्रोग्रॅमच्या ४ टक्क्यांहूनही कमी भागात साधारणपणे निम्म्याहून जास्त वेळ जातो. म्हणजे उरलेला ९६ टक्के कोड आपण कितीही घासूनपुसून लख्ख केला तरी निम्म्याहून जास्त वेळ तसाच जात राहणार. तो छोटा भाग सापडला पाहिजे, आणि तो डोक्याने ताडता येत नाही.

मोजायचं कसं? क्रोम ब्राउझरमध्ये साधन तयारच असतं.

१. फॉर्म उघडून एफ१२ दाबा. डेव्हलपर टूल्स उघडतील.
२. 'परफॉर्मन्स' टॅबवर जा.
३. तिथे सीपीयूचा वेग मुद्दाम कमी करण्याची सोय आहे. ४ पट कमी करा. आपल्या नव्या लॅपटॉपवरच शाळेच्या जुन्या कॉम्प्युटरची अडचण दिसू लागेल.
४. रेकॉर्डचं गोल बटण दाबा, एका चौकटीत दोन आकडे टाइप करा आणि रेकॉर्डिंग थांबवा.
५. आता रंगीत पट्ट्या पाहा. पिवळा रंग म्हणजे जावास्क्रिप्ट चालली तो वेळ. जांभळा म्हणजे पानावरच्या चौकटींची मापं आणि जागा ठरवण्यात गेलेला वेळ. हिरवा म्हणजे प्रत्यक्ष रंगवण्याचा वेळ.
६. ५० मिलिसेकंदांहून मोठ्या कामावर लाल खूण दिसते. तिथे क्लिक करा आणि खाली 'बॉटम-अप' टॅब पाहा. सगळ्यात जास्त वेळ कोणी खाल्ला ते क्रमाने दिसतं.

एखाद्याच फंक्शनचा वेळ हवा असेल तर आणखी सोपं. त्याच्या आधी 'कन्सोल डॉट टाइम' आणि नंतर 'कन्सोल डॉट टाइमएंड' लिहा. दोन्हींना सारखंच नाव द्या. कन्सोलमध्ये मिलिसेकंद छापून येतील.

मी हे केलं आणि डोळे उघडले. माझ्या बेरजा आणि श्रेणी यांचा पिवळा पट्टा अगदी बारीक होता. जांभळा मात्र पडदाभर पसरलेला! एक आकडा टाइप केला की अर्ध्या सेकंदाहून जास्त वेळ जात होता, आणि त्यातला जवळजवळ सगळा चौकटींची मापं घेण्यात.

५) खरा चोर कोण निघाला?

तो निघाला वर्णनात्मक नोंदीची चौकट आपोआप उंच करणारा कोड. मोजून दहा ओळी. मी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नव्हतं, कारण "तो तर फक्त दिसण्यासाठी आहे."

तो कोड असा चालायचा :

*कोणत्याही चौकटीत काहीही टाइप झालं की, सर्व ६० नोंदींसाठी :*
*– चौकटीची उंची बदल*
*– आतला मजकूर किती उंच आहे ते विचार*
*– पुन्हा चौकटीची उंची बदल*

यात बिघडलं काय? एक उदाहरण घेऊ. प्रार्थनेला ६० मुलं रांगेत उभी आहेत. मुख्याध्यापक म्हणाले, "याला पुढे घ्या, त्याला मागे घ्या, तिला तिकडे पाठवा." सगळे बदल ऐकून घेतले आणि शेवटी एकदाच रांग लावली, तर काम पटकन होतं. पण प्रत्येक बदलानंतर त्यांनी विचारलं, "आता रांग किती लांब झाली?" तर? उत्तर देण्यासाठी प्रत्येक वेळी रांग खरोखर लावावी लागेल आणि मोजावीही लागेल. ६० बदल, ६० वेळा रांग.

ब्राउझरचंही असंच आहे. आपण नुसते बदल सांगत गेलो तर तो ते साठवून ठेवतो आणि शेवटी एकदाच पान मांडतो. पण बदल सांगून लगेच "आता उंची किती?" असं विचारलं की त्याला तिथल्या तिथे मांडणी करावीच लागते. याला 'फोर्स्ड रिफ्लो' म्हणतात, म्हणजे सक्तीची फेरमांडणी.

आता गणित करा. ५४० चौकटींत दोन-दोन आकडे, म्हणजे १०८० वेळा टाइप करणं. प्रत्येक वेळी ६० फेरमांडण्या.

१०८० × ६० = ६४,८००

म्हणजे एका वर्गाचे गुण भरताना जवळपास ६५ हजार वेळा ब्राउझर सगळं पान पुन्हा मांडत होता. आणि गुण भरताना नोंदींच्या चौकटी बदलतसुद्धा नव्हत्या!

मला ज्याचा संशय होता ते बेरजेचं काम मोजलं तर १०८० × ५४० = ५,८३,२०० वेळा चौकट वाचणं. आकडा मोठा दिसतो, पण चौकटीतला आकडा नुसता वाचायला ब्राउझरला काहीच वेळ लागत नाही. एक काम किती वेळा होतं एवढंच पाहू नका. एका वेळेला ते किती महाग पडतं, हेही पाहा.

६) दुरुस्ती

पहिली : नोंदीची उंची फक्त नोंद लिहिताना आणि फक्त त्याच एका चौकटीची बदलायची. ६० चं काम १ वर आलं. गुण भरताना तर शून्यावर.

दुसरी : फॉर्म पहिल्यांदा उघडताना सगळ्याच नोंदींची उंची ठरवावी लागते. तिथे क्रम बदलला. आधी सगळ्यांच्या उंची विचारून घ्यायच्या, मग सगळ्या एकदम बदलायच्या. विचारणं आणि बदलणं एकमेकांत मिसळायचं नाही.

तिसरी : बेरीज प्रत्येक आकड्याला करायची गरज नव्हती. 'इनपुट' ही घटना प्रत्येक अक्षराला घडते, तर 'चेंज' ही चौकटीतलं लिखाण पूर्ण करून बाहेर पडल्यावर घडते. बेरीज 'चेंज'वर टाकली. तीही फक्त त्या विद्यार्थ्याची, सगळ्या ६० जणांची नव्हे.

जिथे टाइप करतानाच काही शोधून दाखवायचं असतं (उदा. विद्यार्थ्याचं नाव), तिथे 'डीबाउन्स' वापरतात. म्हणजे टाइप करणारा ३०० मिलिसेकंद थांबला तरच शोध सुरू करायचा. "अनिकेत" हे नाव पूर्ण होईपर्यंत प्रत्येक अक्षराला नवा शोध कशाला?

प्रत्येक दुरुस्तीनंतर मी पुन्हा मोजलं. हे महत्त्वाचं! एका वेळी एकच बदल करा आणि मोजा. तीन बदल एकदम केले तर कशाने फरक पडला ते कळत नाही, आणि काही बिघडलं तर कशाने बिघडलं तेही कळत नाही. माझ्या बाबतीत नव्वद टक्के काम पहिल्याच दुरुस्तीने झालं.

७) सबमिट केल्यावर थांबतो तेव्हा

बरेच शिक्षक फॉर्ममधली माहिती गूगल शीटमध्ये ॲप्स स्क्रिप्टने साठवतात. तिथली नेहमीची चूक म्हणजे एकेक सेल स्वतंत्रपणे लिहिणं. दुकानातून ५४० वस्तू आणायच्या आहेत आणि आपण प्रत्येक वस्तूसाठी वेगळी खेप मारतो, तसं हे झालं. 'सेटव्हॅल्यू' ऐवजी 'सेटव्हॅल्यूज' वापरा आणि पूर्ण तक्ता एकदम लिहा. गूगलच्या मार्गदर्शिकेतच एक उदाहरण दिलं आहे. १०० × १०० म्हणजे १०,००० सेल रंगवायला आधीच्या पद्धतीने सुमारे ७० सेकंद लागतात, एकदम लिहिलं तर १ सेकंद. ॲप्स स्क्रिप्टला एका वेळी ६ मिनिटांचीच मुदत असते, हेही लक्षात असू द्या. ती संपली की काम अर्धवट राहतं.

सबमिटला वेळ लागला की माणूस बटण पुन्हा दाबतो. म्हणून पहिल्याच क्लिकला बटण बंद करा आणि "थांबा, माहिती सेव्ह होत आहे" असं स्पष्ट दाखवा. पण एवढ्यावर विसंबू नका. प्रत्येक फॉर्मला एक स्वतंत्र क्रमांक द्या. तोच क्रमांक दुसऱ्यांदा आला तर नवी ओळ न लिहिता जुनीच बदलायची, म्हणजे दुहेरी नोंद होणार नाही.

८) उघडतानाच अडतो तेव्हा

पत्त्याच्या रकान्यात जिल्हा-तालुका-गाव निवडायची यादी असते. महाराष्ट्रात जिल्हे ३६, पण गावं ४० हजारांहून अधिक. सगळी गावं एकाच यादीत भरून पाठवली तर साध्या मोबाईलची दमछाक होणारच. आधी जिल्हा विचारा, मग त्याचेच तालुके आणि मग त्या तालुक्याचीच गावं मागवा. फोटो मागवत असाल तर तो अपलोड होण्याआधी ब्राउझरमध्येच लहान करून घ्या. ओळखपत्राच्या फोटोला मोबाईलचा ४ एमबीचा फोटो लागत नाही.

९) मोठ्यांनाही चुकलेलं नाही

प्रोग्रॅमर मंडळींची प्रसिद्ध साइट स्टॅक ओव्हरफ्लो २० जुलै २०१६ रोजी ३४ मिनिटं बंद पडली होती. कारण होतं मजकुराच्या आगेमागच्या मोकळ्या जागा काढणारी नमुना-जुळणीची एक छोटी सूचना, म्हणजे रेग्युलर एक्स्प्रेशन. आपणही फॉर्ममध्ये नाव, मोबाईल नंबर तपासायला तेच वापरतो.

झालं असं की एका पोस्टमध्ये सुमारे २०,००० मोकळ्या जागा सलग आल्या आणि त्यानंतर एक अक्षर. ती सूचना पहिल्या जागेपासून शेवटपर्यंत जायची, पुढे अक्षर दिसलं की "हा ओळीचा शेवट नाही" म्हणून मागे यायची आणि दुसऱ्या जागेपासून पुन्हा सुरुवात करायची. म्हणजे २०,००० + १९,९९९ + १९,९९८ + ... + १. दहावीच्या मुलांनो, हे ओळखीचं वाटतं ना? अंकगणिती श्रेढीची बेरीज! न(न+१)/२ वापरा. उत्तर सुमारे २० कोटी येतं.

त्यांनी स्वतः दिलेला हिशोब पाहण्यासारखा आहे. कारण शोधायला १० मिनिटं, कोड सुधारायला १४ मिनिटं आणि तो सगळीकडे पोचवायला १० मिनिटं. उपाय काय केला? ती सूचना काढून साधं, सरळ फंक्शन लिहिलं. कारण नेमकं सापडलं की उपाय बहुधा छोटाच असतो.

१०) थोडक्यात

• आधी विचारा : उघडताना, भरताना की सबमिटनंतर?
• नेट बंद करून पाहा. उगाच नेटला दोष देऊ नका.
• मोजा. सीपीयू ४ पट हळू करून मोजा.
• एका वेळी एकच बदल. पुन्हा मोजा.
• जे बदललं तेवढ्याचंच काम करा, सगळ्या फॉर्मचं नको.
• भरलेली माहिती अधूनमधून ब्राउझरमध्ये (लोकल स्टोरेज) राखून ठेवा, पण प्रत्येक अक्षराला नको. शाळेचा कॉम्प्युटर अनेक जण वापरतात, म्हणून सबमिट झालं की ती तिथून पुसा.
• आपल्या लॅपटॉपवर चाललं म्हणजे झालं असं नाही. सर्वात जुन्या मशीनवर, पूर्ण ६० नावं भरून तपासा.

स्वाध्याय : तुमच्या फॉर्ममध्ये एक आकडा टाइप केल्यावर किती मिलिसेकंद लागतात ते मोजून वहीत लिहा. मग विद्यार्थ्यांची संख्या दुप्पट करून पुन्हा मोजा. वेळ दुप्पट झाला का? की चौपट? चौपट होत असेल तर कोडमध्ये कुठेतरी "प्रत्येकासाठी पुन्हा सगळं" असं दडलेलं आहे. ते शोधा.

दुरुस्त केलेला फॉर्म मी बाईंसमोर ठेवला. त्यांनी इंग्रजीचे ६० गुण भरले, शेवटी कागदाशी ताळा केला आणि म्हणाल्या, "आता जागा झाला हो सर." मी फॉर्मच्या तळाशी आणखी एक ओळ घातली आहे : किती चौकटी भरल्या आणि किती रिकाम्या राहिल्या. वेग वाढला तरी बाईंची ताळा करण्याची सवय सोडायची नाही, हे मी त्यांच्याकडूनच शिकलो.

तुमचा फॉर्म कुठे अडतो ते मोजून पाहा आणि जरूर कळवा.